राळेचा खडा

दादा,

व्हायोलिन स्वस्तात पडलं, असं मी घरात सांगितलंय. छापील किमतीच्या निम्म्याला, घरपोच, पेटीसकट. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्यानं सौदा बरा केला. पण हिशोब पुरता मांडायचा तर त्यात आधीचं एक व्हायोलिन परत पाठवल्याची दगदग धरावी लागते. खंडेनवमीच्या निखाऱ्यावर जळालेला अर्धा खडा धरावा लागतो. तुमच्या सुनेनं त्यावरून धरलेला अबोला धरावा लागतो. आणि शेडच्या मागच्या खोलीत आतून कडी लावून काढलेली एक दुपार धरावी लागते. त्या दुपारी मला वाटलं होतं, संपलं. ती दुपार कुठल्याच पावतीवर येत नाही. तुम्हाला लिहितोय, कारण तशी एखादी दुपार तुमच्याही वाट्याला आली असणार, असा मला आता दाट संशय आहे.

तुम्ही मला मडकं घ्यायला शिकवलं होतं. कुंभाराच्या दारात उकिडवं बसायचं, मडकं तळहातावर तोलायचं आणि टिचकी मारायची. खणखणीत बोललं तर घ्यायचं, भद्द बोललं तर खाली ठेवायचं, कुंभार कितीही गोड बोलो. "मडकं खोटं बोलत नाय, इकणारा बोलतो," हे तुमचं वाक्य. पुढं मी त्याच वाक्यावर बेअरिंगा घेतल्या, जुन्या मोटारी घेतल्या, एक जुना लेथ घेतला, आणि खरं सांगायचं तर माणसंही तशीच पारखून घेतली. आता मात्र टिचकी मारायची ती फोनच्या काचेवर. चित्र दिसतं, खाली लोकांनी दिलेल्या चांदण्या दिसतात. आवाज ऐकायची सोय नाही. जन्मभर टिचकी मारून वस्तू घेतलेल्या माणसानं, आवाजासाठीच घ्यायची वस्तू, आवाज न ऐकता मागवली. घरात सांगितलं, नातीसाठी आहे. ती सहावीत आहे, तिनं कधी मागितलं नव्हतं. तिलाही नवल वाटलं, पण फुकटची वस्तू कोण नाकारतं.

मागवलं ते माझ्यासाठी. कारण सांगायला थोडं मागं जावं लागेल.

पोळा झाल्यावर कानाच्या डॉक्टरकडं गेलो होतो. बाई तरुण होती, चेहऱ्यानं तुमच्या पणतीसारखी. तिनं मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबे चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी दाबत राहिलो. मग बराच वेळ काही आलंच नाही. मला वाटलं, बाई चहाला गेली. काचेतून पाहिलं तर ती माझ्याकडंच पाहत होती आणि तिची बोटं यंत्रावर चालत होती. बाहेर आल्यावर तिनं एक आलेख दाखवला, रेघ आधी सपाट आणि मग घाटातून उतरावी तशी खाली गेलेली. म्हणाली, "काका, उंच पट्टीचे आवाज जवळजवळ गेलेत. मशीनमध्ये आयुष्य काढलं ना तुम्ही? आता हळूहळू खालचेही जातील. चिमण्या शेवटच्या कधी ऐकल्या?"

मी म्हणालो, "चिमण्याच कमी झाल्यात, ताई. शहर वाढलं."

ती हसली नाही. म्हणाली, "दोन्ही कानांना यंत्र लावून घ्या. उशीर करू नका." मी विचार करतो म्हणालो आणि निघालो. बाहेर फाटकापाशी कडुनिंब होता. त्याच्या फांदीवर चिमण्या होत्या, चोची उघडत होत्या, मिटत होत्या. मी बराच वेळ उभा राहिलो. मग रिक्षावाल्यानं खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं की तो माझ्यासाठी कधीचा हॉर्न वाजवतोय.

त्याच दिवशी शेडमध्ये बसून व्हायोलिन मागवलं. डोक्यात एकच होतं. आपल्या गावी, पिशोरला, दिवेलागणीला जो आवाज यायचा, तो कान मिटायच्या आत एकदा ऐकायचा. जवळ बसून, ओढलेल्या तारेचा, खरा. फोनवरचा नको, फोनवरचं सगळं मला डब्यात बोलल्यासारखं वाटतं.

तो आवाज तुमच्यामुळंच माझ्या पदरात पडला, म्हणून आधी गिरणीचं सांगतो. तुम्हाला तुमचीच गिरणी सांगतोय, हसू नका. बहात्तरचा दुष्काळ. विहिरींचे तळ दिसतात, शाळेला सुट्टी नाही पण शाळेत पोरंही नाहीत, सगळी आईबापाबरोबर दुष्काळी कामाच्या खडीवर. रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, येतो, आणि बाया तो घेऊन आपल्या गिरणीपुढं ओळीनं बसतात. डिझेल इंजिनाचा ठोका गावाच्या वेशीपर्यंत जातो. इंजिनापासून दगडापर्यंत तो लांब पट्टा, भिंतीवर सावली पाडत धावणारा, आणि त्या सावलीला मी लहानपणी साप म्हणायचो. मिलोचं पीठ बारीक उडतं, पट्ट्यावर बसतं, पट्टा घसरायला लागतो. इंजिन पळतंय आणि दगड आळसावलेत, असं चित्र. मग तुम्ही कोनाड्यातून राळेचा खडा काढता. गुळाच्या ढेपेतून फोडल्यासारखा, ओबडधोबड, काळसर पिवळा. चालत्या पट्ट्याला तो असा टेकवता की मला दर वेळी तुमच्या बोटांची भीती वाटते. चिर्र असा आवाज, एक उग्र वास, आणि पट्टा धरतो. दगड पुन्हा गातात.

एकदा मला गिरणीवर ठेवून तुम्ही दाराशी बिडी ओढत बसला होता. मी चिंचोके खेळण्यात गुंगलो. वर ओतलेलं धान्य संपलं, दगडावर दगड घासायला लागला. तुम्ही आत आलात, पत्र्याच्या नरसाळ्यावर तळवा ठेवला आणि मग दुसऱ्या हातानं माझ्या कानाखाली वाजवली. म्हणालात, "मला हाताला कळतंय, तुला कान असून कळंना व्हय रं? कान काय फुलं खोवायला दिल्यात?" मार मी विसरलो. वाक्यही विसरलो होतो, म्हणजे अर्धं. कानाचा भाग लक्षात राहिला. हाताचा राहिला नव्हता.

गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली होती, तिथं महसुलातले एक कारकून भाड्यानं राहायचे. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. शहरातल्या पेशकारांच्या, म्हणजे निजामाच्या कचेरीतल्या अधिकाऱ्यांच्या, घरातले, पांढरा लेंगा, खिशाला शाईपेन, एकटे जीव. दुष्काळी कामांच्या हजेऱ्या लिहून लिहून संध्याकाळी घरी यायचे आणि व्हायोलिन काढायचे. एके दिवशी ते गिरणीत आले. बाया गप्प झाल्या, कारण सरकारी माणूस गिरणीत येतो तो काही मोजायलाच, अशी समजूत. भाऊसाहेब अवघडून म्हणाले, "राळ आहे का हो तुमच्याकडे? माझी संपली. शहरात जाणं होत नाही, आणि त्याशिवाय गज तारेवर नुसता घसरतो. आवाजच फुटत नाही."

तुम्ही पट्ट्याकडं पाहिलंत, त्यांच्याकडं पाहिलंत. "आमची राळ पट्ट्याची हाय, भाऊसाहेब. तुमचं नाजूक काम. चालंल का?"

"काम एकच आहे. घसरू द्यायचं नाही."

तुम्ही इतके खूश झालेले मी क्वचित पाहिलेत. सगळ्यात स्वच्छ खडा निवडलात, धोतराच्या सोग्याला पुसलात, कागदात बांधून दिलात. ते पैसे काढायला लागले तर त्यांचा हात धरलात. आणि त्या दिवसापासून ते व्हायोलिन थोडं तुमचंही झालं. पारावर सांगायचात, "आपली राळ हाय त्यात." दिवेलागण झाली की इंजिन बंद. ओळ कितीही असो. बाया कावायच्या. पाटलाच्या वाड्यामागं राहणारी एक म्हातारी, तोंडाची तिखट, एकदा म्हणाली, "भाऊसाहेबाच्या त्या किरकिरीपायी आमच्या लेकरांनी उपाशी निजायचं का रं?" तुम्ही म्हणालात, "उद्या पयला नंबर तुजा, मावशे. अन् दळणाला काय घेणार नाय." ती म्हणाली, "मंग वाजू दे बापा, रातभर वाजू दे." सगळी ओळ हसली. दुष्काळात हसलेलं हसू लई दिवस टिकतं, दादा. माझ्याकडं अजून आहे.

मग तुम्ही पिठानं पांढरे झालेले, मागच्या भिंतीला पाठ आणि डोकं टेकून बसायचात. मी शेजारी. इंजिन थांबल्यावर कानात एक पोकळी राहायची, तिच्यात हळूहळू गाव भरायचं. कुत्रं, रॉकेलच्या डब्याचा आवाज, कुणाचा तरी खोकला. तुम्ही विचारायचात, "लागलं का रं?" मी म्हणायचो, "लागलं." मग तुम्ही डोळे मिटायचात. भिंतीपलीकडून तो एक लांब सूर निघायचा, वाफ निघावी तसा. काय वाजवायचे ते मला कधी कळलं नाही, नावं गावं आपल्याला कुठं ठाऊक. पण सुराच्या सुरुवातीला जो खरखरीत दाणा असायचा ना, तो आपल्या राळेचा, असं मी मानायचो. बऱ्याच वेळानं मी म्हणायचो, "संपलं, दादा." तुम्ही उठायचात, धोतर झटकायचात, पीठ उडायचं. "ब्येस वाजविलं आज," म्हणायचात. रोज.

पुढं भाऊसाहेबांची बदली सोयगावला झाली, पाऊस आला, गिरणीत विजेची मोटार आली, आणि मी शहरात आलो. तेव्हाचं औरंगाबाद, आता पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर असतं, रिक्षावाला दोन्ही ऐकतो. चिकलठाण्यात एका कारखान्यात हेल्पर लागलो. तिथं एक फोरमन होते, चाचा म्हणायचो. ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला लावायचे आणि मूठ कानाच्या हाडाला. "सुन, बच्चे, मशीन पहले बोलती, बाद में मरती." मला ते शिकावं लागलं नाही, मी गिरणीतून शिकूनच आलो होतो. दोन वर्षांत चाचाच मला हाक मारायला लागले, "ए पिशोर, जरा कान ला रे इधर."

मग माझी पत्र्याची शेड, मग पक्की शेड. आणि लाज वाटते लिहायला, पण मला मोठं केलं ते दुष्काळांनीच. शहर फुगत गेलं, शहरालगतच्या सातारा डोंगरापर्यंत घरं गेली, नळाला पाणी आठवड्यानं यायला लागलं, आणि प्रत्येक बंगल्यानं जमिनीत भोक पाडलं. पाणी खाली गेलं की पंप हवा पितात, हवा प्यायले की जळतात, जळले की माझ्याकडं येतात. ज्या वर्षी बाकीचे आभाळाकडं बघायचे त्या वर्षी माझ्या शेडमध्ये उभं राहायला जागा नसायची. गिऱ्हाईक म्हणायचं, उघडून बघा. मी म्हणायचो, उघडायचं नंतर, आधी चालू करा. स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचो आणि सांगायचो, खालची बेअरिंग गेली. उघडल्यावर खालचीच निघायची. हे नाव मी कानावर कमावलं, दादा, आणि डॉक्टरीण काही म्हणो, चिमण्या गेल्या असतील, मोटारी गेलेल्या नाहीत. आजही लोक देवगाव रंगारीहून टेम्पोत पंप टाकून आणतात, मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावतो, आजार सांगतो, आणि समोरचा हात जोडतो. असा दुसरा माणूस या शहरात दाखवा.

असो. व्हायोलिन आलं ते शेडच्या पत्त्यावर. कुरियरवाला म्हणाला, "चाचा, हलका है, खिलौना है क्या?" मी म्हणालो, "हां, बुढ्ढों का." पोरं जेवायला गेली होती. मागच्या खोलीत गेलो, कडी लावली, पेटी उघडली. आत घोडी, तारांखालची लाकडी पट्टी, आडवी पडलेली, तारा सैल. ते माझ्या हातचं काम. फोनवर बघून घोडी उभी केली, खुंट्या पिळल्या, तारा ताणल्या. बोटानं छेडलं तर टण्णकन बोललं. बरं वाटलं. मग गज घेतला. दिवेलागण नव्हती, भर दुपार होती, पण मी डोळे मिटले आणि गज ओढला.

काहीच नाही.

पुन्हा ओढला, जोरानं ओढला. तारेवरून गज जातोय हे हाताला कळतंय, आणि कानात शेडच्या पंख्याची घरघर सोडून काही नाही. छेडलं की आवाज, ओढलं की शांतता. मी आधी व्हायोलिनलाच शिव्या दिल्या. स्वस्त माल, घेणारा गाढव. ॲपमध्ये परतीचं कारण विचारतात, तिथं बोलायला माणूस नसतो, नुसत्या ओळी असतात, त्यातली 'वस्तू सदोष' ही ओळ दाबली. भल्या माणसांनी एक शब्द न विचारता पीस नेला आणि दुसरा पाठवला.

दुसरा आला. पुन्हा तीच खोली, तीच कडी. घोडी, खुंट्या, तारा. छेडलं, बोललं. ओढलं, गप्प.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. दोन वेगवेगळ्या मोटारी एकाच जागी लावल्या आणि दोन्ही चालल्या नाहीत, तर दोष मोटारीत नसतो. लाइनमध्ये असतो. ही गोष्ट मी किती तरी पोरांना शिकवली आहे. आणि इथं लाइन म्हणजे मी. डॉक्टरीण म्हणालीच होती, बारीक आवाज आधी जातील. छेडलेला ठोका ऐकू येतो आणि ओढलेला सूर येत नाही, म्हणजे नेमका तोच गेला, ज्याच्यासाठी हे सगळं केलं. मी उशीर केला. मी तिथं एका बाकड्यावर बसून राहिलो, व्हायोलिन मांडीवर. बाहेर पोरं आली, ग्राइंडर सुरू झाला, कुणी तरी दार वाजवलं असावं. एका माणसाला आत बोलावून म्हणायचं होतं, जरा ऐक रे, हे वाजतंय का? इतकंच. पण ते विचारणं म्हणजे सांगणंच झालं असतं. ज्या शेडमध्ये तीस वर्षं लोक माझ्या कानाला विचारत आले, तिथं मी दुसऱ्याच्या कानाला कसं विचारू? नाही विचारलं. पेटी बंद केली आणि गाडीत टाकली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शेडमधली पूजा आटोपून घरी आलो तर तुमच्या सुनेनं देवापुढं घरातली हत्यारं मांडलेली. विळी, कात्री, माझा पहिला पाना, आणि मधोमध ते व्हायोलिन, झेंडूचा हार घालून. म्हणाली, "नवं हत्यार घरात आलंय, त्याला बी हळदकुंकू नको का?"  मुक्यालाही हार घालायचा असतो, मी मनात म्हटलं. नात शेजारी बसून आपट्याची पानं निवडत होती. तेवढ्यात देवापुढच्या धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर काही तरी पडलं आणि धूर उठला. काळा, दाट, डोळ्यांत जाणारा. नात खोकायला लागली.

आणि तो वास आला, दादा.

मी देवघरात नव्हतोच. पट्टा पळत होता, सावलीचा साप भिंतीवर होता, मिलोचं पीठ नाकात होतं, आणि तुमची बोटं पट्ट्याच्या जवळ जात होती. मी ओरडलो, "काय टाकलंस त्याच्यात?"

"ऊद टाकला. ओरडता काय? तुमच्या त्या बाज्याच्या पेटीतच आला होता. गोल डबीत, मखमलीत गुंडाळून. म्हटलं, परदेशी लोक बी वाद्याची पूजा करत असत्याल, बरोबर ऊद पाठवलाय."

"अगं, ऊद नव्हं तो! राळ हाय! राळ!"

"राळ काय न् ऊद काय, देवाला दोन्ही चालतंय."

मी चिमट्यानं निखाऱ्यातून खडा ओढला. अर्धा वितळून गेला होता, अर्धा भाजलेल्या गुळासारखा शिल्लक होता. पहिल्या पेटीतही तशी एक डबी होती, ती मी उघडून पाहिलीही नव्हती, भेट म्हणून अत्तर पाठवलं असेल म्हणून तशीच परत केली. सारं बालपण पट्ट्याला राळ लावण्यात गेलेला माणूस, आणि मखमलीत गुंडाळल्यावर त्याला राळ ओळखू आली नाही. भाऊसाहेब गिरणीत येऊन काय म्हणाले होते ते पन्नास वर्षांनी, धुरात, शब्दाला शब्द आठवलं. त्याशिवाय गज नुसता घसरतो. आवाजच फुटत नाही. मी हसायला लागलो. बायकोला वाटलं मी तिला हसतोय, म्हणून पुढचा अबोला. सांगता आलं असतं की मी का हसतोय. पण मग आधीची दुपारही सांगावी लागली असती.

खडा निवला. पूजेतलीच कात्री घेऊन त्याचा तुकतुकीत भाग खरवडला, तुम्ही नव्या खड्याला खरवडायचात तसा, आणि गजाच्या केसांवर इकडून तिकडं घासला. पांढरी भुकटी उडायला लागली. मग गज तारेवर ठेवला आणि ओढला.

आवाज काय होता विचारू नका. गंजलेलं फाटक बरं. नातीनं कानावर हात ठेवले, बायको अबोला विसरून "अगं बाई" म्हणाली. पण पट्ट्यानं धरलं होतं. जाड तारेचा तो घोगरा सूर निघाला, त्याच्या सुरुवातीला तो दाणा होता, तोच, आणि माझी लाइन तुटलेली नव्हती. 

नातीनं व्हायोलिन मागून घेतलं. फोनमध्ये बघून तारा सुरात लावल्या, त्यांच्या पिढीचे कान फोनमध्ये असतात. रात्री जेवणाआधी ती गच्चीच्या जिन्यात बसून एकेक तार ओढत होती. मी भिंतीला पाठ आणि डोकं टेकून बसलो. जाड तार ऐकू आली. दुसरी आली. तिसरी जरा लांबून आल्यासारखी आली. मग ती सगळ्यात बारीक तारेवर गेली, हात वर सरकवत सरकवत. तिचा हात हलतोय हे दिसत होतं. मी थोडा वेळ थांबलो आणि विचारलं, "लागलं का गं?"

ती म्हणाली, "आबा, मघापासून वाजवतेय."

दादा, मी रोज तुम्हाला सांगायचो, लागलं. रोज सांगायचो, संपलं. तुम्ही इतक्या जवळ बसलेले, भिंतीला डोकं लावून, आणि आवाज त्याच भिंतीतून येत होता. मला कधी वाटलंच नाही की तुम्ही का विचारता. आई शेवटी शेवटी म्हणायची, यांच्याशी बोलणं म्हणजे खांबाशी बोलणं, आणि आम्ही ते म्हातारपण समजायचो. पण त्या दुष्काळात तुम्ही चाळिशीतही नव्हता. इंजिनानं नेलं असणार, जसं माझं मोटारींनी नेलं. गिऱ्हाईकांना ओळीत थांबवून, दळणाचा खाडा करून, तुम्ही रोज संध्याकाळी तुमच्या राळेचा आवाज ऐकायला बसायचात, आणि तो तुम्हाला किती पोचायचा हे मी कधीच विचारलं नाही. डोक्याच्या हाडातून थोडा पोचत असेल. भिंत जुनी होती, मातीची. एवढीच आशा. "ब्येस वाजविलं आज," हे तुम्ही म्हणायचात ते ऐकून की माझा चेहरा पाहून, हेही आता कोण सांगणार?

शेवटचे तुम्ही शहरात आलात ते डोळे दाखवायला. मी हौसेनं शेड दाखवली. मी बांधलेला पहिला कॉम्प्रेसर चालू केला आणि म्हणालो, ऐका. तुम्ही पुढं झालात, त्याच्या अंगावर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात. म्हणालात, "ब्येस हाय." मला वाटलं, कौतुकानं थोपटताय.

हे पत्र टाकायला जागा नाही. पिशोरला गिरणीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आणि पोस्टमननं तुम्हाला कुठं शोधावं? टाकणारही नाही. सोमवारी डॉक्टरणीकडं जाऊन दोन्ही कानांचं माप देऊन आलो. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "मला दोन वर्षांपासून ठाऊक हाय, तुम्ही सांगायची वाट बघत होते." नात बारीक तारेवर हात वर नेते तेव्हा मी व्हायोलिनच्या पोटाला बोट लावून बसतो. तिला वाटतं मी ते धरून ठेवतो.

आणि एक सांगायचं राहिलं. मघाशी मोटारींचं लिहिलं तेव्हा खोडणार होतो, तसंच ठेवलं. गेली दोन वर्षं मी पंप ओळखतो तो हातानं. स्क्रूड्रायव्हर कानाला लावतो तो गिऱ्हाईकाला दिसावा म्हणून; दुसरा तळवा मोटारीवर असतो.